आभाळात गेलेली कांडी

राग माझ्या नाकावर असतो. लग्नाच्या वेळी हे नवऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं, तर मॅडमना कोण सांगणार? त्या आमच्या खात्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्या हातावर चापटच मारली होती.

सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. आमचं खातं पर्वत पाटियाच्या मागच्या गल्लीत होतं आणि तिथं नकली जर तयार व्हायची. धाग्यावर केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळत न्यायची, मग तिला सोनेरी पाणी चढवायचं, की झाली साडीच्या काठाची जर. मी चौदाव्या वर्षी खानदेशातून लिंबायतला आले ती कांडी भरायलाच लागले. कांडी म्हणजे वीतभर लाकडी दांडी. तिच्यावर धागा भरायचा आणि ती लूमच्या धोट्यात, म्हणजे उभ्या धाग्यांतून इकडून तिकडं पळणाऱ्या होडीत, बसवायची. पुढं शेठनं मला जरीच्या मशिनीवर घेतलं, तरी घरी एक कांडी मशीन होतंच. सोळा वर्षं मी धागा भरत होते, आणि त्या कामात माझ्याहून कोणी वरचढ आहे असं मला वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही.

प्लेगच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गावाकडं पळालेली माणसं परत आली होती आणि खाती पुन्हा धडधडायला लागली होती. शेठ एका बाईंना घेऊन आत आले. चाळिशीच्या, सुती साडी, पायात साध्या चपला. त्या माझ्या मशिनीजवळ उकिडव्या बसल्या आणि चालत्या धाग्यावर त्यांनी बोट ठेवलं. मी चापट मारली आणि म्हटलं, "हात काढा. बोट कापलं म्हणजे माझ्या नावानं खडे फोडाल."

शेठचा चेहरा उतरला. बाईंनी मात्र हात मागं घेतला आणि विचारलं, "ताई, ही कांडी धोट्यात फिरते काय?"

मला हसू आलं. म्हटलं, "कांडी कशाला फिरेल? कांडी जागच्या जागी बसते. धागा तिच्या टोकावरून निसटत जातो. फिरली असती तर दर झटक्याला धागा तुटला असता."

त्यांनी तेच मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग शेठकडं वळून म्हणाल्या, "मला हेच पाहिजे होतं."

त्या नागपूरकडच्या. कुठल्याशा संशोधन संस्थेत होत्या आणि उपग्रहाला पुढं ढकलायची एक नवीन तऱ्हा करून बघत होत्या. ती त्यांनी मला समजावून सांगितली, आणि माझ्या डोक्यात शिरेपर्यंत सांगितली, म्हणून मला त्या आवडायला लागल्या. दोन डबे, एक मोठा, एक लहान. रॉकेटनं वर नेल्यावर मोठ्या डब्यातून लहान डबा ढकलून द्यायचा. तो लांब जाईल तशी त्याच्यामागं तार सुटत जाणार. पूर्ण सुटली, ताठ उभी राहिली, की तारेतून वीज सोडायची. पृथ्वी म्हणजे एक मोठं लोहचुंबक. चुंबकाजवळ तारेत वीज सोडली की तारेला धक्का बसतो.

"लूमची मोटारही याच्यावरच चालते," मॅडम म्हणाल्या. "तिथं धक्क्यानं मोटार फिरते. इथं धक्क्यानं उपग्रह सरकेल."

"आणि तेल, रॉकेल, काही नाही?"

"थेंबसुद्धा नाही."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो लूमवर मास्तर, मोटारीतलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यानं भाकरी मोडता मोडता ऐकलं आणि म्हणाला, "खरं शे ते." मग थोडं थांबून, "पण तार सुटाले पाह्यजे."

तीच तर अडचण होती. तार इतकी लांब, की पर्वत पाटियाला टोक धरलं तर दुसरं टोक पलसाण्याच्या रंगाच्या गिरण्यांपाशी पोचेल. ती सगळी घागरीएवढ्या एका गुंडीवर, म्हणजे मोठ्या रिळावर, मावायची आणि वर गेल्यावर कुठंही न अडकता सुटायची. मॅडमच्या संस्थेत मोठाल्या मशिनींवर चार वेळा गुंडी भरून झाली होती, आणि चारही वेळा सोडून बघताना तार मध्येच फसली होती. त्यांच्याकडची गुंडी फिरत होती, विहिरीच्या रहाटासारखी. गुंडी न फिरवता टोकावरून तार सोडायची असेल तर भरायची कशी, हे ज्याला रोज करावं लागतं त्याला विचारावं, म्हणून बाई सुरतेला आल्या होत्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितली. रॉकेट त्यांच्या एकट्यांसाठी उडणार नव्हतं. ते दुसऱ्याच कोणाचा मोठा उपग्रह घेऊन जाणार होतं, आणि यांना त्यात एक कोपरा मिळाला होता. ठरल्या दिवशी यांचा डबा पोचला नाही तर त्या कोपऱ्यात तेवढ्याच वजनाचा लोखंडाचा ठोकळा बसवून रॉकेट सोडणार. पुन्हा कोपरा मिळेल याची खात्री नाही. सात वर्षं त्या बाईनं या एका तारेपायी घालवली होती.

"ठोकळा?" मी म्हटलं. "आपल्या जागी ठोकळा?"

आपल्या म्हटलं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

काम असं ठरलं. मधला धागा परदेशी, पिवळाधमक, दातानं तुटणार नाही असा चिवट. त्याच्यावर आमच्या मशिनीनं तांब्याची तार गुंडाळायची, आणि तयार झालेली तार तिथंच, त्याच वेळी, गुंडीवर भरत जायची. खात्याच्या मागच्या खोलीत प्लास्टिकचे पडदे लावले. फरशी रोज दोनदा पुसायची. आत चप्पल नाही, गुटखा नाही, उदबत्ती नाही. शेठ रोज सकाळी गणपतीला धूप दाखवायचे, ते बंद झाल्यावर आठवडाभर बेचैन होते. शेवटी बाहेर रस्त्यावर उभं राहून आतल्या गणपतीला हात जोडायला लागले.

भांडण झालं ते हातमोज्यांवरून. मॅडमनी पांढरे पातळ मोजे आणले आणि म्हणाल्या, हे घालून काम करायचं. मी घातले, धाग्यावर बोट ठेवलं, आणि काढून त्यांच्या टेबलावर टाकले.

"मला धागा लागत नाही," मी म्हटलं. "डोळ्यांवर पट्टी बांधून स्वयंपाक करायला सांगता तुम्ही."

"ताई, बोटाचा घाम तारेला लागतो."

"हात धुते. साबणानं धुते, तुमच्या त्या स्पिरिटनं धुते. पण मोजे घालणार नाही. ताण किती आहे हे माझ्या बोटाला कळतं."

"ताण मोजायला काटा आहे ना."

"मग काट्यालाच बसवा मशिनीवर."

शेठ दारात उभं राहून कपाळाला हात लावत होते. मॅडमनी एक रिकामी लाकडी गुंडी आणली आणि म्हणाल्या, यावर साधी जर भरून दाखवा, मोज्यांशिवाय. मी भरली. तीन दिवस लागले. मग ती अंगणात ठेवून तिच्या टोकावरून मोटारीनं तार ओढली. आधी हळू, मग जोरात, मग मुद्दाम झटके देत. तार सुटत गेली, सुटत गेली, आणि शेवटी लाकूड उघडं पडलं. मॅडमबरोबर आलेला माणूस वहीत काहीतरी लिहायचं सोडून तोंड उघडं टाकून बघत होता. मॅडम म्हणाल्या, "मोजे राहू द्या."

मी जिंकले. महिनाभर मी गल्लीत अशी चालत होते की बायका म्हणायच्या, हिला काय नगरसेवक केलं की काय. आता पुढचं सांगताना लाज वाटते, पण सांगायला बसले आहे तर सांगते.

खऱ्या तारेला एक कडक नियम होता. मधला धागा तुटणार नव्हता, पण वरची तांब्याची तार नाजूक, ती कधीतरी तुटणारच. तुटली की मशीन बंद करायची आणि घंटी दाबायची. मग मॅडमचा माणूस येणार, दोन्ही टोकं झाळून सपाट करणार, भिंगातून बघणार, वहीत लिहिणार. गाठ मारायची नाही. गुंडीच्या तोंडाशी चिनी मातीचा एक डोळा होता, सुटणारी तार त्यातून बाहेर पडायची. गाठ त्या डोळ्यात अडकली की संपलं.

अकरा दिवसांत गुंडी भरली. तार सात वेळा तुटली, सात वेळा मी घंटी दाबली. तोंडाला फडकं बांधायचं होतं ते बांधलं, आता अधूनमधून हनुवटीखाली ओढलं असेल, नाही म्हणत नाही. बाराव्या दिवशी गुंडी काचेच्या पेटीत बंद झाली, शेठनी रस्त्यावर नारळ फोडला आणि सगळ्या खात्याला मिठाई म्हणून घारी वाटली. सात दिवसांनी गाडी येणार होती. मॅडमनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी कांडी भरत होते. पॉलिस्टरचा धागा, रोजचाच. शेजारीण दारात बसून तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती आणि मी हं हं करत होते. धागा तुटला. माझ्या बोटांनी टोकं पकडली, गाठ मारली, उरलेलं शेपूट मी दातानं तोडून थुंकलं, आणि मशीन चालू. शेजारणीचं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं.

मी तिथंच थिजले. जिभेवर पॉलिस्टरची काही चव नसते. पण त्या क्षणी मला तांब्याची चव आठवली. खरीच चव. जुन्या तांब्याच्या गडूला ओठ लावल्यावर लागते तशी. ती मी कधी चाखली? जरीच्या मशिनीवर तर गेले दोन महिने साधं काम नव्हतंच, सगळं बंद ठेवलं होतं. मग मला आठवलं. दुसरा दिवस. दुपारचा चहा बाहेर आला होता, शेठ पडद्यापलीकडून "बेन, चा" म्हणाले होते, मी मान वळवली होती. त्याच वेळी बोटांखाली काहीतरी हललं होतं. मी पुन्हा समोर बघितलं तेव्हा मशीन चालू होती, सगळं नीट होतं, आणि माझ्या ओठावर तांबं होतं.

मी घंटी दाबली नव्हती.

शेजारणीला म्हटलं, जा बाई, मला बरं वाटत नाही. जरीच्या खात्यात तांबं दिवसातून पन्नास वेळा तुटतं. सोळा वर्षांत मी किती गाठी मारल्या असतील त्याचा हिशोब देवही ठेवणार नाही. गाठ मारायला मला विचारावं लागत नाही, माझी बोटं मला न विचारता मारतात. आणि मोजे असते तर त्या बोटांना ती गाठ मारताच आली नसती. माझा तोरा मलाच नडला होता.

नवरा कामावरून आला तो माझ्या तोंडाकडं बघून दारातच उभा राहिला. "काय व्हयनं व तुले?"

मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि आधी तेच म्हणाला जे कोणीही मास्तर म्हणेल. "गाठ तर धोट्यातून रोज निघते. हजार निघतात. लहान असेल तर जाईल निघून."

"धोट्यात अडकली तर तू तिथं उभा असतोस," मी म्हटलं. "तिथं कोण उभं राहणार आहे?"

तो चपला काढून आत आला. मी म्हटलं, "आणि झालीच नसेल तर? मला नुसता भास होत असेल तर? तर मी त्या बाईची सात वर्षं फुकट घालवीन. ठोकळा जाईल ठोकळा." मला रडू कोसळलं. मी सहसा रडत नाही, रडण्याऐवजी भांडते, म्हणून तो घाबरला. त्यानं पाणी आणून दिलं आणि माझ्याजवळ बसला.

"कोणाला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"कोणालाच नाही. कळणारही नाही. अडकली तरी कशानं अडकली हे कोण बघायला जाणार वर?"

"मंग तूच शे त्या गाठना मालक," तो म्हणाला. "आते सांगी टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षानं गेले. एरवी मी चालत जाते. मॅडम पेटीपाशी उभ्या राहून कागद भरत होत्या. मी प्रस्तावना केली नाही. म्हटलं, "मॅडम, दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी तांबं तुटलं आणि मी गाठ मारली. मला कालपर्यंत माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

त्यांचा पेन कागदावर तसाच टेकलेला राहिला. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"काहून?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. "ताई, काहून पण? मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी बोललं आणि मी उलटून बोलले नाही.

त्यांचा माणूस धावत वही घेऊन आला. वहीत दुसऱ्या दिवशी काही नोंद नव्हती. ताणाच्या काट्यानं कागदावर काढलेली रेघ बघितली, तीही सरळ. शेठ म्हणाले, "बेन, आ तमारो वहेम छे. थाकी गया छो." मला भास झाला असं तो माणूसही म्हणाला. पाच दिवस उरलेत, गुंडी उत्तम आहे, बाईंना शंका आली म्हणून ती उलगडायची का? उलगडली आणि परत भरता आली नाही तर हातचंही जाईल. त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुम्हाला खात्री आहे?"

"नाही," मी म्हटलं. "पण चव आठवते."

"चव?"

"तांब्याची. दातानं शेपूट तोडलं त्याची."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. ती नजर मला अजून आठवते. नुसत्या माझ्या जिभेच्या चवीवर त्यांना आपलं सगळं काम पणाला लावायचं होतं. मग त्यांनी स्वतः काचेच्या पेटीचे स्क्रू काढायला घेतले.

तांबं गुंडाळायचं काम आता नव्हतं, नुसती एका गुंडीवरून दुसरीवर तार घ्यायची, म्हणून वेग जवळजवळ तिप्पट करता येणार होता. तरी हिशोब केला तर चार दिवस पुरे लागणार होते, उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत. आणि दुसऱ्या कोणाला बसवून चालणार नव्हतं. माणूस बदलला की हात बदलतो, हात बदलला की ताण बदलतो. गाठ होती अगदी खाली, दुसऱ्या दिवसाच्या थरात, म्हणजे ती चौथ्या दिवशी हाताला लागणार. तोपर्यंत मी खरी की वेडी हे कोणालाच कळणार नव्हतं, मलासुद्धा.

पहिले तीन दिवस मी बोलले नाही. खात्यातल्या बायका म्हणत, हिची जीभ कोणी नेली. भरलेल्या गुंडीच्या टोकावरून तार सुटत होती, माझ्या बोटाखालून जात होती आणि नव्या गुंडीवर बसत होती. ती सुटत होती मात्र अशी सुंदर, एकदाही न कचरता, की तिसऱ्या दिवशी मला स्वतःचाच संताप आला. इतकी चांगली भरली होतीस, आणि आता तुझ्या वहिमापायी तीच उलगडते आहेस. नवरा सुट्टी टाकून दुपारचा डबा घेऊन यायचा, पडद्याबाहेर बसायचा, मी जेवले की डबा घेऊन जायचा. त्यानं एकदाही विचारलं नाही, लागली का म्हणून.

चौथ्या दिवशी सकाळपासून सगळे काही ना काही निमित्त काढून पडद्यापाशी येत होते. अकरा वाजले, बारा वाजले. पहिल्या दिवसाचा थर जवळ आला. खाली थोडीच तार राहिली. शेठ हळूच म्हणाले, "जवा दो, बेन, जाऊ दे." मॅडम खुर्चीवर बसून होत्या, हातातला चहा गार झाला होता. माझी उजवी तर्जनी तारेवर होती आणि मी मनात म्हणत होते, नसू दे गं बाई. मग म्हणत होते, असू दे. दोन्ही एकदमच म्हणत होते. नसली तर तार चांगली होती आणि मी मूर्ख. असली तर मी गुन्हेगार, पण तार वाचली. काय मागावं तेच कळेना.

बोटाखाली खसखशीचा दाणा लागला.

मी पायानं मशीन थांबवली. बोट उचललं नाही. "मॅडम," मी म्हटलं.

त्या भिंग घेऊन आल्या. बघितलं. पुन्हा बघितलं. मग त्यांनी तो तेवढा भाग हातानं धरून चिनी मातीच्या डोळ्यातून ओढला. तार सरकली, सरकली, आणि कच्च करून थांबली. गाठ डोळ्याच्या कडेला अडकली होती. त्यांनी जोर लावला तसं तांबं मागं सरकून गोळा झालं आणि आतला पिवळा धागा उघडा पडला. ओढत राहिल्या असत्या तर डबाच मागं खेचला गेला असता, किंवा धागा सटकन तुटला असता. शेठ भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "हे राम."

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं आता त्या रागावतील. रागवायचा हक्कच होता त्यांचा. त्यांनी माझी तर्जनी धरली, उलटसुलट करून बघितली, आणि मग त्यांना हसू आलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "मोजे घातले असते," त्या म्हणाल्या, "तर ही मारली गेली नसती."

"पण सापडलीही नसती," मी म्हटलं. चार दिवसांत पहिल्यांदा माझी जीभ जागेवर आली होती.

त्यांच्या माणसानं गाठ कापली, तांबं सारखं केलं, टोकं झाळली, घासून सपाट केली, भिंगातून तीनदा बघितली. त्यानं माझी माफी मागितली, तर मी त्याला म्हटलं, तुम्ही कशाला, शेण मी खाल्लं. उरलेली तार संध्याकाळच्या आत भरून झाली. दुसऱ्या दिवशी गाडी आली, ठरल्या वेळेला, आणि पेटी गेली.

नंतर किती महिने गेले. आधी रॉकेट लांबलं, मग पुन्हा लांबलं. मी जरीच्या मशिनीवर परत गेले. तांबं तुटलं की मी आता मशीन थांबवून एक श्वास घ्यायचे आणि मगच गाठ मारायचे, त्यामुळे माझं काम थोडं हळू झालं आणि शेठ एक शब्द बोलले नाहीत. थंडी संपत आली तेव्हा एका सकाळी पेपरात रॉकेट उडाल्याची बातमी आली. मोठ्या उपग्रहाबद्दल बरंच काही होतं, आमच्या डब्याबद्दल अक्षर नव्हतं. नवऱ्यानं दोनदा वाचून दाखवली, तरी नव्हतं.

दोन दिवसांनी, दुपारी, शेठ ऑफिसातून बाहेर आले. ऑफिस म्हणजे काचेची एक खोली, मशिनींच्या मधोमध. तिथं फोनवर बोलायचं तर ओरडावं लागतं. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, मग फोनकडं. मी उठले. मी आत पोचायच्या आधी शेठ भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. सगळ्या मशिनी एकदम बंद पडल्या. भर दिवसा, काम चालू असताना, धंदेवाईक माणसानं स्वतःच्या हातानं खातं बंद केलेलं मी तेव्हा पाहिलं, पुन्हा कधी नाही. सगळ्या बायका जागेवरून माझ्याकडं बघत होत्या.

मी फोन कानाला लावला. आवाज लांबून येत होता, पण मॅडमचाच होता.

"ताई, सुटली."

"किती?"

"सगळी. शेवटपर्यंत. कुठंच अडकली नाही, कुठंच थांबली नाही. लाकूड उघडं पडलं, ताई." त्या रडत होत्या की हसत होत्या ते कळत नव्हतं. "आणि आज सकाळी वीज सोडली. सरकला. थोडा सरकला, पण सरकला. तेलाचा थेंब नाही."

मी काचेतून बाहेर बघितलं आणि मान डोलावली. तेवढ्यानंच बाहेर बायकांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. एकीनं तर शेठच्या गणपतीपुढची घंटा वाजवली. शेठ डोळे पुसत होते आणि पुसत नाहीत असं दाखवत होते. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. पर्वत पाटियापासून पलसाण्यापर्यंत पुरेल एवढी तार आभाळात ताठ उभी होती, आणि तिची वीत न् वीत माझ्या या एका बोटाखालून गेली होती, एकदा नाही, दोनदा.

"ताई, आहात ना?" मॅडमनी विचारलं.

"आहे."

"पुढच्या वेळी याच्या दुप्पट लांब करायची म्हणते. इथले लोक विचारून राहिले, कोणी भरली म्हणून. भराल काय? गाठ मारणार नाही असा शब्द द्या, मी आजच तुमचं नाव सांगते."

एरवी मी ताडकन हो म्हटलं असतं. पण मी माझ्या हाताकडं बघितलं.

"तो शब्द मी देत नाही, मॅडम," मी म्हटलं. "बोटं मला विचारून मारत नाहीत. मारली तर तुम्हाला सांगेन, एवढा शब्द घ्या."

पलीकडं कागद ओढल्याचा आवाज आला.

"तोच लिहून घेते," त्या म्हणाल्या.